सुट्टीची बेरीज होत नाही

अमेरिकेत आमच्या कॅरी-मॉरिसव्हिलकडे घर शोधणाऱ्या मराठी मंडळींचा फोन आला की घराची किंमत, व्याजाचा दर, आरटीपीतलं (रिसर्च ट्रँगल पार्कमधलं) ऑफिस किती लांब पडेल हे सगळं बोलून झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो, तिकडच्या शाळा इयर-राउंड, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या आहेत म्हणे, मग मुलांना सुट्टीच नाही का? मी सांगते, आहे की, दिवस मोजलेत तर जवळपास तेवढीच आहे, शाळा दोन्हीकडे साधारण १८० दिवसच भरते. पण मग पुढचं समजावून सांगायला अर्धा तास जातो आणि तरी मनासारखं सांगून होत नाही, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

नॉर्थ कॅरोलायनातली वेक काउंटी म्हणजे रॅली, कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स हा सगळा पट्टा. १९९० मध्ये इथली लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या आसपास होती, २०२० च्या जनगणनेत सव्वाअकरा लाखांच्या वर गेली. एवढी माणसं आली तर मुलंही आली, आणि शाळेची इमारत काही रातोरात उभी राहत नाही. त्यावर इथे जो तोडगा निघाला तो म्हणजे मल्टि-ट्रॅक. शाळेतल्या मुलांचे चार गट करायचे, त्यांना ट्रॅक १, २, ३, ४ म्हणायचं. प्रत्येक ट्रॅक साधारण नऊ आठवडे शाळेत आणि तीन आठवडे घरी, असं वर्षभर चक्र. कुठल्याही दिवशी बघाल तर तीन ट्रॅक शाळेत आणि एक ट्रॅक आउट, म्हणजे सुट्टीवर. साडेसातशे मुलांच्या इमारतीत हजार मुलं बसतात. वर्ष सुरू होतं जुलैच्या सुरुवातीला, आणि जून-जुलै-ऑगस्टची ती सलग मोठी सुट्टी जाते. तिच्या बदल्यात वर्षभर पसरलेल्या तीन-तीन आठवड्यांच्या सुट्ट्या मिळतात. हिशोबाने बघितलं तर कुणाचंच काही गेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की सुट्टीचा असा हिशोब होतच नाही. तीन आठवडे अधिक तीन आठवडे अधिक तीन आठवडे म्हणजे नऊ सलग आठवडे नाहीत.

आमच्या घरात दोन मुलं आणि दोन्ही प्रकारची कॅलेंडरं झाली, त्यामुळे हा फरक मला पुस्तकात वाचायची गरज पडली नाही. थोरली शाळेत जायला लागली तेव्हा आम्ही भाड्याने राहायचो, तिथली शाळा ट्रॅडिशनल, म्हणजे उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपायची ती थेट ऑगस्टच्या शेवटी उघडायची. (हे इथे कायद्यानेच ठरलेलं आहे. २००४ साली विधिमंडळाने कायदा केला, आणि २०१२ मधल्या दुरुस्तीनंतर नियम असा की ट्रॅडिशनल शाळा २६ ऑगस्टच्या जवळच्या सोमवारआधी सुरू करायची नाही आणि ११ जूनच्या जवळच्या शुक्रवारनंतर चालवायची नाही. या कायद्यामागे किनाऱ्यावरच्या पर्यटनवाल्यांचा मोठा रेटा होता. इयर-राउंड शाळांना यातून सूट आहे.) मग स्वतःचं घर घेतलं, तिथली बेस स्कूल, म्हणजे पत्त्यावरून ठरणारी शाळा, इयर-राउंड, आणि धाकटा पहिल्या दिवसापासून ट्रॅकवर.

थोरलीला मी शाळा सुटल्या सुटल्या फलटणला, माझ्या माहेरी घेऊन जायचे. मला रजा कमी, मी परत यायचे आणि ती आजी-आबांजवळ राहायची, मग तिचे बाबा जाऊन तिला घेऊन यायचे. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात हे इथल्या मराठी आईबापांचं मोठंच भाग्य आहे, कारण इथे सुट्टी असते तेव्हा तिथे वर्ग नुकते भरलेले असतात. ओळखीतल्या एका बाईंनी तिला पाहुणी म्हणून वर्गात बसू दिलं. गणवेश नाही, हजेरीत नाव नाही, पण प्रार्थनेला रांगेत उभं राहायचं, डबा वाटून खायचा, पाढे सगळ्यांबरोबर ओरडून म्हणायचे.

आणि हे काही पहिल्या दिवसापासून गोडीगुलाबीने झालेलं नाही. पहिला आठवडा जेटलॅगमध्ये, दुपारी झोप आणि रात्री दोनला भूक. दुसऱ्या आठवड्यात रोज फोनवर रडारड, की इथे काही करायलाच नाही, वायफाय सारखं जातं, सगळे माझ्या बोलण्याला हसतात. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याशी फोनवर कमी बोलायला लागली आणि मला काळजी वाटली, तर आई म्हणाली अगं ती खाली अंगणात आहे, शेजारच्या पोरींशी भांडतेय. मी विचारलं कुठल्या भाषेत? आई म्हणाली भांडायला अजून कुठली भाषा येणार, मराठीतच. त्याच्या पुढचे सगळे आठवडे म्हणजे खरी सुट्टी. तेव्हा ती आबांबरोबर मंडईत जायला लागली, आजीकडून मेतकूट-भात मागून घ्यायला लागली, मामीच्या पदराआड लपून मामाची तक्रार करायला लागली. एका वर्षी माउलींची पालखी फलटण मुक्कामी आली तेव्हा ती घरच्यांबरोबर वारकऱ्यांना पाणी द्यायला उभी होती, आणि प्रत्येकाला माउली म्हणायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिने आजूबाजूला ऐकलं आणि उचललं.

धाकट्याला यातलं काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. आम्ही त्यालाही नेलं, तीन आठवड्यांच्या सुट्टीत जमेल तसं. पण तो तीन आठवड्यांचा हिशोब बघा. रॅलीहून भारतात थेट विमान नाही, नेवार्क नाहीतर लंडन-पॅरिस करत मुंबई, तिथून गाडीने घाट चढून फलटण, म्हणजे दोन्ही टोकांचे दिवस प्रवासातच गेले. मग जेटलॅग. मग सासर आणि माहेर यांची वाटणी, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, डेंटिस्ट, बँकेचं केवायसी. तो जेव्हा कुठे आजीच्या शेजारी न बोलावता जाऊन बसायला लागायचा, तेव्हा आमची बॅगांची वजनं करायची वेळ झालेली असायची. पुढच्या खेपेला परत पहिल्यापासून सुरुवात. विरजण लावलेलं भांडं सारखं हलवत राहिलं तर दूध कितीही चांगलं असो, दही लागत नाही, तसंच काहीसं. आज थोरली आजीला फोन करते ते स्वतःहून, कॉलेजमधल्या कटकटी सांगायला. धाकटा प्रेमळ आहे, आजीवर त्याचा जीव आहे, पण फोनवर तो हो, नाही, बरा आहे, जेवलो, इतकंच बोलतो आणि मग माझ्याकडे बघतो. दोघांचे आईबाप तेच आहेत, घरात मराठी तीच आहे, रविवारची मराठी शाळासुद्धा दोघांनी केली. फरक उन्हाळ्याचा पडला.

लोक म्हणतात की हे एनआरआयंचं दुखणं झालं, अमेरिकन मुलांना काय फरक पडतो. पडतो. आमच्या कल-डी-सॅकवर, म्हणजे पुढे बंद असलेल्या गल्लीत, शाळेत जाणारी मुलं असलेली पाच-सहा घरं आहेत आणि एकाच वेळी सगळी मुलं मोकळी आहेत असा आठवडा नाताळ सोडला तर शोधावा लागतो. एक घर ट्रॅक १ वर, एक ट्रॅक ३ वर, एकाचं मूल मॅग्नेट शाळेत (खास विषयांची सरकारी शाळा), एकाचं चार्टरमध्ये (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा). सप्टेंबर-ऑक्टोबरात धाकटा ट्रॅक आउट झाला की रस्ता रिकामा. चेंडू घेऊन तो गॅरेजच्या दाराशी एकटाच आपटत बसायचा, कारण ज्यांच्याशी खेळायचं ते सगळे बसमध्ये. वर्गातले मित्र त्याच्याच ट्रॅकवर असतात हे खरं, पण ते राहतात चार-पाच मैलांवर आणि त्यांच्याकडे जायचं तर कुणीतरी गाडीने सोडायला हवं. आणि मैत्री झालेल्या मुलाचा ट्रॅक पुढच्या वर्षी बदलला तर एकाच शाळेत असूनही दोघांची गाठभेट वर्षाचे कित्येक आठवडे होत नाही.

त्यातून हायस्कूलं जवळपास सगळी ट्रॅडिशनल. म्हणजे मोठं भावंड हायस्कूलला गेलं की घरात दोन कॅलेंडरं आली. जुलैत मोठी घरी आणि लहान शाळेत, ऑक्टोबरात लहान घरी आणि मोठी शाळेत. आमच्याकडे काही वर्षं फ्रिजवर दोन्ही कॅलेंडरं शेजारी लावलेली असायची आणि दोन रंगांच्या पेनांनी भरलेली, आणि त्या दोन रंगांत एकत्र मोकळा पट्टा सापडायचा तो जेमतेम आठवड्या-दोन आठवड्यांचा. त्यात कुठलं भारत आणि कुठलं काय. ट्रॅक ४ हा त्यातल्या त्यात ट्रॅडिशनलच्या जवळ जातो, म्हणून तो सगळ्यांनाच हवा असतो, आणि सगळ्यांना हवा असलेला ट्रॅक सगळ्यांना मिळत नाही.

पैशाचं आणि आयांचं वेगळंच. तीन आठवडे मूल घरी म्हणजे कॅम्प हवा. ट्रॅक आउट कॅम्प इथे भरपूर निघालेत, टाउनचे आहेत, कराटेवाल्यांचे, आर्टवाल्यांचे, कोडिंगवाल्यांचे, आणि ज्यांना परवडतात त्यांची सोय होते. ज्यांना नाही परवडत, किंवा ज्यांचं काम शिफ्टचं आहे, त्यांना वर्षातून एकदाच नाही तर चार-चार वेळा जुळवाजुळव करावी लागते. उन्हाळ्यात निदान कॉलेजची, हायस्कूलची मुलं मोकळी असतात आणि बेबीसिटर मिळतो, ऑक्टोबरात कुठून आणणार? जेनिफर ग्रेव्ह्ज या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ मध्ये नेमकं हेच तपासलं आणि त्यांना इयर-राउंड कॅलेंडरमुळे शाळकरी मुलांच्या आयांच्या नोकऱ्या कमी होताना दिसल्या. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. आमच्या ओळखीतल्या मुलींपैकी कुणाला एच-४ वरून (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर मिळणारा बायकोचा व्हिसा) कामाची परवानगी मोठ्या मुश्किलीने मिळालेली, नवीन नोकरी, रजा शिल्लक नाही, आणि तिसऱ्याच महिन्यात मूल ट्रॅक आउट. मॅनेजरला एकदा सांगता येतं, दर नऊ आठवड्यांनी कसं सांगणार. आणि अशा वेळी घरातली कोणती नोकरी मागे पडते ते सगळ्यांना माहीत आहे. मग आजीला व्हिसा काढून बोलवायचं, ती बिचारी सहा महिने इथे परक्या घरात, कुठे एकटीने पायी जायची सोय नाही, नातवाला सांभाळायला येते आणि खिडकीत बसून दिवस काढते. हा मार्ग आम्हीही घेतला आणि आईने एका शब्दाने तक्रार केली नाही, पण फलटणचं अंगण तिला इथे देता येत नाही हे मला रोज दिसायचं.

शिक्षकांचे हाल तर आपल्याला दिसतही नाहीत. इमारतीत चार ट्रॅक आणि तीन ट्रॅकपुरत्याच खोल्या, त्यामुळे एक ट्रॅक परत आला की त्याने बाहेर गेलेल्यांच्या खोलीत जायचं. म्हणजे काही शिक्षकांना दर काही आठवड्यांनी भिंतीवरचे तक्ते, पुस्तकांचे ट्रे, सगळं उतरवून चाकाच्या कपाटात भरून दुसऱ्या वर्गात मांडायचं. पहिली-दुसरीच्या बाई वर्ग किती जीव लावून सजवतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं दुःख कळेल. शिवाय इमारत कधी रिकामीच होत नाही, मोठी दुरुस्ती काढायला सलग दोन महिने मिळत नाहीत, आणि जुलैच्या उकाड्यात वर्गांचे एसी आणि बस दोन्ही चालू.

आता इतकं सगळं सोसून मुलं जास्त शिकत असती तर मी गप्प बसले असते. इयर-राउंडच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच असतो की मोठ्या सुट्टीत मुलं विसरतात. हॅरिस कूपर, जे पुढे आमच्या शेजारच्या ड्यूक युनिव्हर्सिटीत आले, त्यांनी १९९६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन सांगितलं की उन्हाळ्यात सरासरी महिन्याभराचं शिकलेलं मागे पडतं. यावरून मग लोकांनी परस्पर ठरवलं की सुट्टीचे तुकडे केले की विसरणं थांबेल. पण पॉल फॉन हिप्पेल या संशोधकांनी इयर-राउंड शाळांतल्या मुलांची प्रगती मोजली तेव्हा असं दिसलं की ही मुलं उन्हाळ्यात जास्त शिकतात आणि बाकीच्या वर्षात कमी, वर्षाअखेरीस दोघं साधारण एकाच जागी. आणि खुद्द आमच्या वेक काउंटीचा अभ्यास स्टीव्हन मॅकमलन आणि कॅथरिन राउझ यांनी केला, २०१२ मध्ये छापून आला. इथे २००७ मध्ये २२ शाळा एकदम इयर-राउंड केल्या गेल्या होत्या, त्यामुळे आधी आणि नंतर अशी तुलना करायला आयतंच मिळालं. सरासरी मुलाच्या मार्कांवर परिणाम जवळपास शून्य. कॅलिफोर्नियाच्या मल्टि-ट्रॅक शाळांत तर ग्रेव्ह्ज यांना मार्क थोडे घसरलेले दिसले. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, शाळा अगदीच खचाखच भरलेली असेल तर मल्टि-ट्रॅकने गर्दी कमी होते आणि त्याचा मुलांना फायदा होतो. म्हणजे ही जागेची सोय आहे. तेवढंच सांगितलं असतं तर माझा इतका जीव जळला नसता, पण शिक्षणाचं नवं चांगलं मॉडेल म्हणून जेव्हा ते आईबापांसमोर मांडतात तेव्हा मला राग येतो.

त्या २२ शाळांवरून इथे मोठंच भांडण झालं होतं. वेक केअर्स नावाने पालक एकत्र आले, कोर्टात गेले, मे २००७ मध्ये न्यायाधीश हॉवर्ड मॅनिंग यांनी सांगितलं की पालकांच्या संमतीशिवाय मुलाला इयर-राउंडला टाकता येणार नाही. वर्षभराने अपील कोर्टाने तो निकाल फिरवला आणि २००९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही काउंटीच्या शाळा बोर्डाच्याच बाजूने कौल दिला. कायद्याने बोर्डाला अधिकार असेलही, मी वकील नाही. पण त्या पालकांना जे हवं होतं ते माझ्या मते अगदी साधं होतं, घरातल्या मुलांचा उन्हाळा कसा जावा हे घराला विचारून ठरवा.

लॉस एंजेलिसमध्ये याच्यापेक्षा वाईट झालं. तिथे कन्सेप्ट ६ नावाचं कॅलेंडर होतं, तीन ट्रॅकचं, आणि त्यात मुलांना १८० ऐवजी १६३ च दिवस शाळा मिळायची, दिवस थोडा लांबवून तास भरून काढायचे. ही कॅलेंडरं कुणाच्या वाट्याला आली? जिथे शाळा बांधल्या गेल्या नव्हत्या अशा गरीब, बहुतांश लॅटिनो वस्त्यांच्या. काही अवघड कोर्स एकाच ट्रॅकवर असायचे, तुम्ही दुसऱ्या ट्रॅकवर असाल तर संधी गेली. २००० साली गरीब वस्त्यांतल्या शाळांच्या दुरवस्थेवरून विल्यम्स नावाचा खटला दाखल झाला, २००४ मध्ये तडजोड झाली आणि २०१२ पर्यंत कन्सेप्ट ६ बंद करायचं ठरलं. ते बंद कशाने झालं, तर नव्या शाळा बांधून.

मोठ्या सुट्टीची दुसरी बाजू मी नाकारत नाही. ज्या मुलाला शाळेतच दोन वेळचं पोटभर खायला मिळतं त्याच्यासाठी दहा आठवड्यांची सुट्टी म्हणजे दहा आठवड्यांची चिंता, आणि ज्याच्या घरी दिवसभर कुणी नाही त्याच्यासाठी ती धोक्याचीही असते. पण त्यावर उपाय म्हणजे उन्हाळ्यात जेवण चालू ठेवा, लायब्ररी उघड्या ठेवा, फुकट कॅम्प काढा, पोहायला शिकवा. ते पैसे न घालता सुट्टीचेच तुकडे केले तर त्या मुलाची भूक काही मिटत नाही, ती वर्षभर वाटली जाते फक्त. आणि ती शेतीची गोष्ट, की उन्हाळी सुट्टी शेतकऱ्यांच्या पोरांसाठी होती आणि आता शेती कोण करतं म्हणून ती काढा, तीही खरी नाही. शेताची कामं पेरणीला आणि कापणीला, म्हणून खेड्यातल्या शाळा वसंतात आणि शरदात बंद असायच्या, उन्हाळ्यात चालू. उलट शहरातल्या शाळा एकोणिसाव्या शतकात जवळपास वर्षभर चालायच्या आणि उकाड्याने, रोगराईच्या भीतीने, बाहेरगावी जाणाऱ्या सुखवस्तू घरांमुळे त्यांनी उन्हाळा सोडून दिला. म्हणजे वर्षभराची शाळा एकदा करून बघून झालेली आहे.

भारतात असलेल्यांनी यावर सुटकेचा श्वास सोडू नये असं मला वाटतं. माझ्या दादाची मुलगी पुण्यात आहे, नववीची परीक्षा एप्रिलमध्ये संपली आणि लगेच दहावीची व्हेकेशन बॅच सुरू झाली, मेमध्ये चार-पाच दिवस फलटणला आली ती पुस्तकं घेऊनच. कॅलेंडरवर तिची सुट्टी पूर्ण आहे.

इथे नवीन येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते. घर घेण्याआधी पत्त्यावरून बेस स्कूल आणि तिचं कॅलेंडर दोन्ही बघा, एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. बेस स्कूल इयर-राउंड असली तरी ट्रॅडिशनल कॅलेंडरचा पर्याय मागायला अर्ज करता येतो, तो हिवाळ्यात भरायचा असतो, तारीख चुकवू नका, आणि बसची सोय काय आहे ते अर्ज करण्याआधीच विचारा. इयर-राउंडच घ्यावी लागली तर वर्षातली एक सुट्टी कॅम्पला न देता पूर्ण भारतासाठी ठेवा आणि त्यात नातेवाईकांच्या भेटींची यादी निम्मी करा, एकाच घरी राहा. शक्य असेल तर मूल आजीकडे आणि तुम्ही परत, असं करून बघा, पोरं रडतात पण राहतात.

धाकटा येत्या ऑगस्टमध्ये हायस्कूलला जातोय. म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षी, पहिल्यांदाच, त्याला जून ते ऑगस्ट सलग मिळणार आहे. मार्चिंग बँड, व्हॉलंटियरिंगचे तास, एसएटीचा (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा) क्लास, सगळे आत्तापासूनच तो उन्हाळा मागायला लागलेत आणि घरात यावर आमची अजून बोलणी चालू आहेत. त्याचे बाबा म्हणतात अर्धा-अर्धा करू. मी नाही म्हणतेय.